मेकोम्बची पोरं: मुलाच्या नजरेतून पूर्वग्रह दिसतो की झाकला जातो?

कापूसकोंड्या (धागाकर्ता)

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'वर (१९६०) चर्चा सुरू झाली की लोक थेट कोर्टात जाऊन बसतात. कादंबरीची प्रकरणं एकतीस. त्यात साक्षी, भाषण आणि निकाल १७ ते २१ या पाच प्रकरणांत आटोपतात. पहिली अकरा, म्हणजे अख्खा पहिला भाग, पोरांच्या उचापतींचा. 'बू रॅडलीचा भाग म्हणजे लहान मुलांची गंमत, खरी गोष्ट नंतर सुरू होते' हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की त्यासाठीच हा धागा.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मेकोम्ब हे काल्पनिक गाव, काळ १९३३ ते १९३५. सांगणारी स्काउट सुरुवातीला सहाला टेकलेली, भाऊ जेम तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, डिल उन्हाळ्यापुरता शेजारी येणारा. वडील अ‍ॅटिकस फिंच वकील. तीन घरं पलीकडे आर्थर उर्फ बू रॅडली, वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेला. दुसऱ्या भागात टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर मायेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो आणि अ‍ॅटिकस त्याचा बचाव करतो.

माझं म्हणणं असं की दोन्ही भागांत एकच यंत्र चालू आहे. पहिल्या भागात ली ते उघडून दाखवतात. बूचा राक्षस कसा तयार होतो ते बघा. कच्चा माल शेजारच्या स्टेफनी क्रॉफर्ड बाईंच्या तोंडून येतो: तेहेतीस वर्षांच्या बूने वर्तमानपत्र कापता कापता कात्री बापाच्या पायात खुपसली. त्यावर जेम रंग चढवतो: साडेसहा फूट उंची, खारी आणि मांजरं कच्ची खातो म्हणून हात रक्ताळलेले, पिवळे कुजके दात. मग नियम बनतात. रॅडलींच्या आवारातले पिकान (अक्रोडासारखे दाणे) खाल्ले की मरण, तिकडे गेलेला चेंडू गेला तो गेलाच, परत मागायचा नाही. चौथ्या प्रकरणात त्याचं नाटक होतं. जेम बू होतो, डिल म्हातारा रॅडली. शिवणयंत्राच्या खणातून रोज कात्री चोरायची आणि जेमने ती डिलच्या मांडीत खुपसल्यासारखं करायचं. स्काउट म्हणते, ती उभी होती तिथून ते अगदी खरं वाटायचं.

न पाहिलेला माणूस, एक ऐकीव घटना, त्यावर सगळ्यांनी मिळून केलेली रोजची तालीम. पूर्वग्रह याहून वेगळा काय असतो? फरक पुढे पडतो. पोरांच्या हाती पुरावा येत जातो. ओकच्या ढोलीत च्युइंगगम, मग दोन जुनी नाणी, सुतळीचा गुंडा, साबणाच्या दोन बाहुल्या. कुंपणात अडकून फाटलेली जेमची पँट, कुणीतरी वेडीवाकडी शिवून घडी करून ठेवलेली. आगीच्या रात्री स्काउटच्या खांद्यावर कळू न देता टाकलेलं ब्लँकेट. आणि पोरं आपलं मत बदलतात. ज्यूरीपुढेही पुरावा येतो, तो कितीतरी पक्का. ज्यूरी बदलत नाही.

साक्षीपुरावा

मांडणी छान, निष्कर्ष अमान्य. 'एकच यंत्र' म्हटलं की बू आणि टॉम एका पारड्यात येऊन बसतात, आणि कादंबरीचा घोटाळा नेमका तिथेच आहे.

आधी पुरावा नीट मांडतो, कारण 'पक्का' म्हणजे किती पक्का ते महत्त्वाचं आहे. शेरीफ टेट साक्षीत आधी मायेलाचा डावा डोळा काळानिळा होता म्हणतो, मग थांबून हिशेब लावतो आणि उजवा म्हणतो. इजा चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, आणि बोटांचे वळ गळ्याभोवती सगळीकडे, म्हणजे दोन्ही हातांनी आवळलेला गळा. समोरून मारणाऱ्याचा ठोसा उजव्या गालावर बसायला तो सहसा डावखुरा लागतो. अ‍ॅटिकस तिच्या बापाला, बॉब युएलला, पाकिटाच्या मागे सही करायला लावतो. तो डाव्या हाताने करतो. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडलेला, उजव्यापेक्षा जवळजवळ फूटभर आखूड आणि निकामी. शपथेसाठी बायबलवर ठेवायला गेला तर घसरून पडतो. डॉक्टरला तर कुणी बोलावलंच नव्हतं.

एवढं असून टॉम दोषी ठरतो. पुढे तुरुंगाच्या शेतावरून पळताना मारला जातो, अंगावर सतरा गोळ्यांच्या खुणा. आता बूकडे या. तो शेवटी पोरांना वाचवताना युएलचा जीव घेतो. तिथे काय होतं? शेरीफ म्हणतो, युएल स्वतःच्याच सुरीवर पडला. अ‍ॅटिकस आधी हुज्जत घालतो, पण नंतर गप्प बसतो. चौकशी नाही, ज्यूरी नाही. ज्याने गुन्हा केला नाही त्याला कायदा पूर्ण मिळाला आणि तो मेला. ज्याच्या हातून माणूस मेला त्याला कायद्यापासून वाचवलं. दोघंही गैरसमजाचे बळी होते ना? मग हा फरक कशाने पडला? रंगाने. पोरांच्या खेळाची उपमा हा रंग पुसून टाकते.

रातराणी

साक्षीपुरावा, रंग पुसला जातो म्हणताय तर आठवं प्रकरण पुन्हा काढा. मेकोम्बमध्ये बर्फ पडतो, पण जेमतेम. बर्फाचा माणूस करायला पुरत नाही. म्हणून जेम परसातून माती आणतो. हिशेब दिलेला आहे: पाच टोपल्या माती, दोन टोपल्या बर्फ. आधी मातीचा पूर्ण माणूस उभा होतो. स्काउटला नवल वाटतं, काळा बर्फमाणूस कधी ऐकला नाही. जेम सांगतो, फार वेळ काळा राहणार नाही, आणि वरून बर्फ थापतो. तो शेजारच्या एव्हरींसारखा दिसतो म्हणून अ‍ॅटिकस कानपिचक्या देतो, मग ओळख पुसायला शेजारीण मॉडी बाईंची हॅट त्याच्या डोक्यावर आणि त्यांची कुंपण छाटायची कात्री हातात. त्याच रात्री मॉडी बाईंचं घर जळतं आणि सकाळी बर्फमाणूस काळा पडून ढासळलेला.

काळा-गोरा म्हणजे एक थर, आत तीच पाच टोपल्या माती, हे इथे कुणी भाषण करून सांगत नाही. पोरांच्या हाताला काम दिलंय आणि ते काम सगळं बोलतं. अ‍ॅटिकसच्या 'दुसऱ्याच्या कातडीत शिरून बघ' या उपदेशापेक्षा मला हे प्रकरण दहापट भारी वाटतं. तो उपदेश आता पेल्यांवर छापून विकला जातो, बर्फमाणूस कुणी छापत नाही.

दोन_शब्द

बर्फमाणसासाठी +१. त्याच वेळी बू मागून येऊन ब्लँकेट टाकून जातो, म्हणजे दोन्ही धागे एकाच रात्री.

उलटसुलट

विषय थोडा बाजूला नेतोय, पण मराठीत हे पुस्तक वाचताना किंवा आणताना जिथे अडखळायला होतं तिथेच पूर्वग्रह उघडा पडतो, म्हणून लिहितो.

इंग्रजीत 'यू' एकच. मराठीत प्रत्येक वाक्याला तू की तुम्ही ते ठरवावंच लागतं. पोरं बापाला 'अ‍ॅटिकस' अशी नावाने हाक मारतात आणि उत्तर देताना 'सर' म्हणतात. 'अ‍ॅटिकस, तू' केलं तर आदर जातो, 'अ‍ॅटिकस, तुम्ही' केलं तर घरातला मोकळेपणा जातो. मला दुसरं कमी वाईट वाटतं.

खरी परीक्षा कोर्टात. टॉम पंचवीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप. तो एकोणीस वर्षांच्या मायेलाला 'मिस मायेला' म्हणतो, गोऱ्या पुरुषांना 'मिस्टर' आणि 'सर'. सरकारी वकील गिल्मर त्याला उलटतपासणीत 'बॉय' म्हणतो. इथे 'पोरा' लिहिलं तर मराठीत माया येते. 'मुला' तर पाठ्यपुस्तकातलं. 'ए, काय रे' लिहिलं की एकदम चाबूक बसतो, कारण मोठ्या बाप्याला अरे-तुरे करण्यात कोण कुठे उभं आहे ते मराठी कानाला न सांगता कळतं. डिल या स्वरानेच रडायला लागतो आणि त्याला बाहेर न्यावं लागतं. गिल्मरचा मुद्दा त्याला कळलेला नाही, बोलण्याची तऱ्हा कळलेली आहे. मोठी माणसं मुद्दा ऐकत होती, म्हणून त्यांना तऱ्हा ऐकूच गेली नाही.

उलट बाजूही बघा. अ‍ॅटिकस मायेलाला 'मॅम' आणि 'मिस मायेला' म्हणतो तर तिला वाटतं हा आपली टिंगल करतोय. जज्जला समजावून सांगावं लागतं की साहेबांची रीतच तशी आहे. त्या मुलीशी आयुष्यात कुणी अहो-जाहो बोललेलंच नाही. कचरा-डेपोशेजारचं घर आणि कुंपणाशी सहा फुटक्या भांड्यांत जपलेले तांबडे जिरेनियम, एवढंच तिचं चांगलं.

साक्षीपुरावा

उलटसुलट, मायेलाचा मुद्दा काढलात ते बरं केलंत. २००९ मध्ये लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी नेमकं हेच धरून टीका केली होती: अ‍ॅटिकस ज्यूरीला एक पूर्वग्रह सोडायला सांगतो आणि त्या जागी दुसरा देतो. काळ्याबद्दलचा काढा, गरीब गोऱ्या पोरीबद्दलचा घाला. त्याआधी १९९२ मध्ये वकिली नीतिशास्त्राचे प्राध्यापक मनरो फ्रीडमन यांनी लिहिलं होतं की हा माणूस राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य आहे, वंशभेदाच्या कायद्यांविरुद्ध त्याने स्वतःहून काय केलं? खटलाही जज्ज टेलरने नेमला म्हणून घेतला.

आणि कू क्लक्स क्लान, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना, तिच्याबद्दल तो पोरांना काय सांगतो? ती १९२०च्या आसपासची एक राजकीय संघटना होती, घाबरवायला तिला कुणी सापडलंच नाही. अलाबामात राहून हे विधान! आठ वर्षांच्या मुलीला धीर द्यायला ठीक आहे. पण गोष्ट सांगतेय ती मोठी झालेली स्काउट. जिथे तिला हवं तिथे ती प्रौढ आवाजात टिप्पणी करते. मग इथे ती गप्प का?

कापूसकोंड्या

फ्रीडमन यांची टीका अ‍ॅटिकस नावाच्या वकिलावर आहे, ती मान्य. १९६२च्या चित्रपटात ती भूमिका करणाऱ्या ग्रेगरी पेकने त्याचा पुतळा करून ठेवला आणि लोक तो पुतळाच वाचतात. पुस्तकाचा कणा मुलं आहेत. शिकवताना किंवा वाचनगटात घेताना सर्रास होणारी चूक म्हणजे वेळ नाही म्हणून खटल्याची पाच प्रकरणं घ्यायची. मग उरतो चांगला गोरा वकील, वाईट गोरा बाप आणि बिचारा काळा माणूस. साक्षीपुरावा यांचे सगळे आक्षेप त्या कापलेल्या पुस्तकाला शंभर टक्के लागू होतात.

पूर्ण पुस्तकात २६ वं प्रकरण आहे. मिस गेट्स तिसरीच्या वर्गात हिटलर ज्यूंना कसा छळतो ते सांगतात, फळ्यावर लोकशाही लिहितात, आपल्याकडे असं चालत नाही म्हणतात. याच बाई कोर्टातून उतरताना 'त्यांना' धडा शिकवायची वेळ आली होती असं म्हणत होत्या, ते स्काउटने ऐकलेलं आहे. ती जेमला विचारते, हिटलरचा इतका राग येणारा माणूस आपल्याच गावातल्या माणसांशी असा कसा वागतो? जेम भडकतो, कोर्टाचं नावही काढू नको म्हणतो. मुलीला प्रश्न पडला, बाईंना नाही. यात झाकलं काय?

साक्षीपुरावा

झाकलं काय ते सांगतो, आणि तारखांनी सांगतो.

खटल्याचा उन्हाळा १९३५चा आहे. हे अंदाजाने नाही. २७ व्या प्रकरणात, त्याच वर्षीच्या शरदात, दुकानांच्या काचांवरच्या 'एनआरए'च्या पाट्या निघालेल्या असतात. स्काउट विचारते तेव्हा अ‍ॅटिकस म्हणतो एनआरए मेला, नऊ म्हाताऱ्यांनी मारला. म्हणजे सुप्रीम कोर्टाने रुझवेल्ट यांचा औद्योगिक पुनरुज्जीवनाचा कायदा रद्द केला, तो २७ मे १९३५चा निकाल.

त्याच नऊ म्हाताऱ्यांनी त्याआधी आठ आठवड्यांपूर्वी, १ एप्रिल १९३५ला, 'नॉरिस विरुद्ध अलाबामा' हा निकाल दिला होता. स्कॉट्सबरो प्रकरणातला. १९३१ मध्ये नऊ काळ्या मुलांवर आगगाडीत दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आला होता, त्यातली ही शिक्षा रद्द झाली. कारण एकच: अलाबामातल्या ज्यूरीतून काळ्या माणसांना ठरवून वगळलं जात होतं. म्हणजे अ‍ॅटिकसच्याच राज्यातला, तशाच आरोपाचा, ताजा निकाल. कोणत्याही बचाव वकिलाने टॉमच्या खटल्यात पहिली हरकत ज्यूरीच्या यादीवर घेतली असती. २३ व्या प्रकरणात अ‍ॅटिकस ज्यूरीवर लांबलचक बोलतो. बायका का नाहीत (अलाबामात त्या १९६६पर्यंत नव्हत्या), गावातले लोक अंग का काढून घेतात, सगळं येतं. नॉरिसचं नाव नाही.

एका निकालाची पाटी पोरीला दिसते, दुसऱ्याचा मागमूस नाही. लेखिका वकिलाची मुलगी, स्वतः कायदा शिकलेली. मुलाची नजर हे सोयीचं शटर आहे, हवं तिथे वर, हवं तिथे खाली.

कापूसकोंड्या

हा मुद्दा जबरदस्त आहे, आधी लक्षात आला नव्हता.

पण त्याचं उत्तरही तुमच्याच वाक्यात आहे. पोरीला पाटी दिसली, कारण पाटी होती. एनआरए मेला तेव्हा मेकोम्बच्या बाजारात काहीतरी काढून टाकावं लागलं. नॉरिसने मेकोम्बच्या एकाही काचेवरून काही निघालं नाही. टॉमच्या ज्यूरीत बारा गोरे पुरुष बसले आणि कुणाला वेगळं वाटलं नाही, कारण तिथे दिसण्यासारखं काहीच बदललं नव्हतं. मुलाच्या नजरेतून लिहायचं तर एवढंच येणार.

अ‍ॅटिकसला माहीत असायला हवं होतं, हे मात्र मान्य. तिथे माझ्याकडे बचाव नाही.

चिमणदाणा

पक्ष्याबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून. मॉकिंगबर्ड आपल्याकडे नाही. नक्कल करण्यात जवळचा म्हणाल तर भृंगराज, तो इतर पाखरांचे आवाज हुबेहूब काढतो. 'गाणारा पक्षी' किंवा 'कोकिळा' केलं की नकलेचा भाग गळतो.

आणि मॉडी बाई म्हणतात तितका हा पक्षी गरीब नाही. त्याला मारणं पाप का, तर त्या सांगतात तो बागा खात नाही, मक्याच्या कोठारात घरटी करत नाही, नुसता गातो. प्रत्यक्षात मॉकिंगबर्ड हद्दीसाठी भांडकुदळ आहे. घरट्याजवळ गेलं की मांजर, कुत्रा, माणूस कुणालाही टोचतो, आणि फळंही आवडीने खातो. उपमेसाठी लेखिकेने त्याची नखं कापलीत. टॉमचंही तेच केलंय असं मला वाटतं. त्याच्यात एकच गोष्ट जिवंत माणसाची आहे. गिल्मरने विचारल्यावर तो म्हणून जातो की मला तिची दया आली. काळ्याने गोरीची दया करायची? तिथेच तो हरतो. बाकी वेळ त्याला नुसतं निरुपद्रवी राहायचं काम दिलेलं आहे. मारू नये का, तर तो गातो म्हणून. टोचणाऱ्याला मारावं का मग?

उलटसुलट

चिमणदाणा, शेवटचा प्रश्न चांगला टोचला. आपल्याकडची दलित आत्मकथनं डोळ्यांसमोर ठेवली तर फरक लगेच कळतो. तिथेही मुलाची नजर आहे, पण ज्याला हाकललं जातंय त्याच मुलाची. टॉमच्या तीन मुलांपैकी एकानेही या पुस्तकात गोष्ट सांगितलेली नाही.

रातराणी

टॉमच्या बाजूचं काहीच येत नाही असं म्हणण्याआधी २२ वं प्रकरण. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॅल्पर्निया, म्हणजे फिंचांकडची स्वयंपाकीण, न्याहारीला कोंबडी वाढते. कुठून आली? टॉमच्या बापाने पाठवली. मग ती अ‍ॅटिकसला स्वयंपाकघरात नेते. टेबल गच्च भरलंय: खारवलेलं डुकराचं मांस, टोमॅटो, शेंगा, बरणीतले लोणवलेले डुकराचे पाय. सकाळी ती आली तेव्हा हे सगळं मागच्या पायरीवर ठेवलेलं होतं.

कुणी बघू नये अशा वेळी आणून ठेवलेल्या वस्तू, या पुस्तकात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ढोलीत. तेव्हा पोरांनी बसून, खोडून खोडून आभाराचं पत्र लिहिलं होतं, खाली जेमने पूर्ण नावाने सही केली होती. दुसऱ्या दिवशी ते ठेवायला गेली तर बूचा भाऊ नेथन रॅडलीने ढोली सिमेंटने बुजवलेली. झाड मरतंय म्हणाला. अ‍ॅटिकस म्हणाला, झाड तर ठणठणीत दिसतंय. जेम त्या संध्याकाळी ओसरीवर एकटाच बराच वेळ उभा होता, आणि आत आला तेव्हा तो रडून आल्याचं स्काउटला कळलं.

मागच्या पायरीवरच्या वस्तू बघून अ‍ॅटिकसच्या डोळ्यांत पाणी येतं. तो कॅल्पर्नियाकडे निरोप देतो: फार आभारी आहे, पण पुन्हा असं करू नका म्हणावं, दिवस कठीण आहेत. आणि तो निघून जातो. पत्र लिहायचं या वेळी पोरांनाही सुचत नाही.

साक्षीपुरावा

आणि ज्यांनी ठेवलं त्यांची नावंही येत नाहीत. ढोलीवाल्याचं नाव तरी शेवटी कळतं.